‘दऱ्याखोऱ्या’च्या पोस्टरविषयी: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पोस्टरचा कच्चा आराखडा मिळाला. वर मोठ्या अक्षरांत ‘दऱ्याखोऱ्या’, खाली ‘सह्याद्रीतल्या छायाचित्रांचं प्रदर्शन’. विषय मनापासून आवडला. पण सोबतच्या प्रेरणेच्या फोल्डरमध्ये स्विस आणि जपानी पोस्टरंच दिसली, देवनागरी एकही नाही. रंग कसा आवरायचा, कागद मोकळा कुठे सोडायचा हे त्यांच्याकडून जरूर घे. ‘ऱ्या’ कसा बसवायचा हे मात्र ती सांगणार नाहीत. आपला शब्द शिरोरेषेखाली सलग उभा राहतो, त्यामुळे पूर्ण शब्दाचीच आकृती आखावी लागते.

संगणक दोन दिवस बाजूला ठेव. दोन पेन्सिली रबरबँडने अशा बांध, की टोकांत 8 मिलिमीटर अंतर राहील. शिरोरेषेपासून तळरेषेपर्यंतची उंची त्याच्या पाचपट धर, म्हणजे 40 मिलिमीटर. टोकं जोडणारी रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरती हवी, साधारण 45 अंशांत, आणि लिहिताना मनगट फिरवायचं नाही. बोरूचा काप याच कलाचा असतो. या कोनात शिरोरेषा आणि उभे दंड दोन्ही सारखेच, साडेपाच मिलिमीटरहून किंचित जास्त जाड येतात. रोमन कॅलिग्राफीत निब बरोबर उलट्या कलाने धरतात. त्या सवयीने ‘व’ काढलास तर पोटाची वरची डावी बाजू बारीक पडते आणि खालची फुगते. अक्षर वाचता येतं, पण परकं वाटतं, आणि का वाटतं ते पटकन कळत नाही.

आता तुझा शब्द. त्यात सहा पूर्ण उभ्या रेषा आहेत: दोन्ही ‘या’मधल्या दोन-दोन, आणि ‘खो’चा दंड व काना. त्या समान अंतरावर ठेवल्यास तर कुंपण दिसेल. ‘य’चा दंड आणि त्याचा काना यांच्यामध्ये अक्षराचं पोट नसतं, म्हणून तिथली जागा आवळ. दंडाच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट पुरे. वाचलेली जागा ‘ऱ्य’ला दे. ‘य’च्या डाव्या अंगाला बसणारी ती छोटी वक्र रेघ जाड वळणात सर्वांत आधी बुजते. बुजली की लांबून ‘दया’ वाचलं जाईल. ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडलेले ठेव, सुटले तर ‘रव’ होतो. हा शब्द बटर पेपरवर एकावर एक काढत जा. प्रत्येक वेळी फक्त एक अंतर बदल, म्हणजे सुधारणा कशामुळे झाली ते समजेल.

प्रेरणेसाठी अक्षररचनाकार कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं जमव. नुसती साठवू नकोस. छापून घे, वर बटर पेपर ठेव आणि शिरोरेषा कुठे तोडली, कुठे लांबवली, कोणता काना खाली ओढला हे लाल पेनाने खुणावत जा. नाटकाचा भाव शब्दाच्या आकारातच कसा आणतात, हे शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. र. कृ. जोशी यांचं सुलेखनही बघ. संगणकावर वर्षानुवर्षं दिसत आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. सुलेखनात अक्षर इतकं मोकळं सोडणारा माणूस स्क्रीनसाठी किती शिस्तीत काढतो, ते दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहा. शिशाच्या अक्षरखिळ्यांनी छापलेलं जुनं पुस्तक मिळालं तर भिंगाखाली धर. दोन खिळ्यांच्या सांध्यावर शिरोरेषा केसाएवढी तुटलेली दिसेल.

तीच तूट आज संगणकावर ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवल्यावर येते. देवनागरीत ट्रॅकिंग शून्यच ठेव. शब्द रुंद हवा असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घे. आडवा ताणलास तर दंड जाड होतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते आणि तोल जातो.

‘छायाचित्र’मधली वेलांटी ‘च’च्या उजवीकडे पडत असेल किंवा हलन्त (पाय मोडल्याच्या खुणा) उघडे दिसत असतील, तर दोष फॉन्टचा असेलच असं नाही. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’खाली ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू कर आणि परिच्छेदाच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोझर निवड. इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही खटपट नाही. ‘ऱ्य’ हवा तर नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. साध्या ‘र’ने रफार येऊन ‘दर्या’ होईल आणि पोस्टर समुद्राचं ठरेल! भाषा ‘मराठी’ निवडली, की फॉन्टमध्ये सोय असल्यास ‘प्रदर्शन’मधला ‘श’ आणि ‘सह्याद्रीतल्या’मधला ‘ल’ आपल्या वळणाचे येतात. नाही आले तर ग्लिफच्या, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या अक्षराकृतींच्या, पॅनेलमध्ये शोध. तिथेही नसतील तर फॉन्ट बदल. ‘मुक्त’ आणि ‘नोटो सॅन्स देवनागरी’ फुकट आहेत, दोन्ही लावून बघ. तारीख-पत्त्याचा मजकूर 18 पॉइंटचा असेल तर ओळीचं अंतर 27 ठेव. त्याहून कमी केलंस तर वरचे उकार खालच्या मात्रांत अडकतात.

छपाईचं थोडक्यात. ए-3 म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटर, चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून फाइल 303 बाय 426. फोटो प्रत्यक्ष आकारात 300 डीपीआय हवेत. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे के (काळी) 100 टक्के. चार शायांचा काळा केलास तर प्लेट जराशी सरकताच अक्षरांना रंगीत कडा येते. प्रेसला फाइल देण्याआधी अक्षरांच्या आउटलाइन्स कर, म्हणजे मजकुराच्या रेखाकृती बनव, आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेव.

दारावरचं नाव रेडियममध्ये कापून घेणार असशील तर आणखी एक काम आहे. आउटलाइन केल्यावरही शेजारची अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर चढलेलीच असतात. प्लॉटर (कापणारं यंत्र) ती सुटी समजून कापतो आणि प्रत्येक सांध्यावर चीर पडते. म्हणून इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधून सगळा शब्द ‘युनाइट’ (एकसंध) कर, मग आउटलाइन व्ह्यूमध्ये शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ उरली नाही ना ते पाहा. अक्षरांना बाहेरून कडा द्यायची असेल तरी आधी हेच.

बटर पेपरवरचे पहिले नमुने झाले की फोटो पाठव. कागदाच्या बरोबर वरून काढ आणि शेजारी पट्टी ठेव, म्हणजे मला अंतरं मोजता येतील.

तुझा मित्र