करार म्हणजे मेजर लीग नव्हे

संपादक महोदय,

भारतीय किंवा भारतीय वंशाच्या एखाद्या तरुणाशी अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबने करार केला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मथळा ठरलेला असतो: ‘मेजर लीगमध्ये निवड’. बहुतेक वेळा हा मथळा चार-पाच पायऱ्यांनी चुकलेला असतो. क्लब मेजर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीचा, असतो हे खरे, पण करार मायनर लीगचा, म्हणजे त्याखालच्या खेळाडू घडवणाऱ्या पायऱ्यांचा, असतो. या दोन गोष्टींमधले अंतर रणजी आणि कसोटी यांच्यातल्या अंतरासारखे आहे, असे म्हणून भागत नाही. मायनर लीगची रचनाच निराळी आहे.

रिंकू सिंगचेच उदाहरण घ्या. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा रिंकू आणि वाराणसीचा दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू वेगवान चेंडू फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतून पुढे आले. रिंकूचा वेग ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर होता. लॉस एंजेलिसमध्ये बेसबॉल प्रशिक्षक टॉम हाऊस यांच्याकडे काही महिने शिकल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. जुलै २००९ मध्ये गल्फ कोस्ट लीग या तळाच्या मायनर लीगमधला एक सामना रिंकूच्या नावावर ‘विजय’ म्हणून नोंदला गेला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये असा विजय मिळवणारा तो पहिला भारतीय नागरिक. दिनेशला २०१० च्या अखेरीस मुक्त करण्यात आले. रिंकू मात्र २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या लो-ए (आताच्या सिंगल-ए) संघापर्यंत चढला. २०१२ मध्ये तिथे त्याने ७२ डाव टाकले, ६५ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले आणि त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा, ३.०० होता. चार वर्षांपूर्वी ज्याने बेसबॉल हातात धरला नव्हता त्याच्यासाठी हे अफाट काम आहे. पुढे दुखापतींनी कारकीर्द थांबली. मेजर लीग तिथून अजून चार पायऱ्या वर होती.

भालाफेकपटूच का, हे अनेकांना कोडे वाटते. भाला ८०० ग्रॅमचा, बेसबॉल साधारण १४२ ते १४९ ग्रॅमचा. पण दोन्हीत कोपर खांद्याच्या पातळीला येऊन हात मागून चाबकासारखा सुटतो, आणि कोपर सरळ करत फेकण्यावर क्रिकेटसारखी १५ अंशांची मर्यादा नाही. अडचण इतरत्र येते. भालाफेकपटू धावत येतो. पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, मात्र १० इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, रबराच्या पट्टीला पाय लावून उभा असतो आणि ६० फूट ६ इंचांवर चेंडू टाकतो. धावण्यातून मिळणारा वेग गेला की तो कंबर आणि मांड्यांतून आणावा लागतो. तो तिथून आला नाही तर सगळा भार कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जातो. तो फाटला तर शरीरातलाच दुसरा एखादा टेंडन तिथे बसवतात. यालाच ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया म्हणतात. परतायला १२ ते १८ महिने. आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजांना ‘तू पिचर होशील’ म्हणणाऱ्यांनी हे आधी सांगावे.

आता पायऱ्या. २०२१ पासून प्रत्येक मेजर लीग क्लबचे चार संलग्न संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. ३० क्लब, म्हणजे १२० संघ. त्यांच्याखाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्स लीग. त्या क्लबच्या सराव केंद्रांवर खेळल्या जातात आणि तिथे प्रेक्षक नावालाच असतात. सर्वांत खाली डोमिनिकन समर लीग. वरच्या चार पायऱ्यांवर एकाच प्रतिस्पर्ध्याशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने होतात. सोमवार सुट्टीचा, आणि बहुधा तोच प्रवासाचा. ट्रिपल-एचा हंगाम १५० सामन्यांचा, डबल-एचा १३८ चा.

रणजीची उपमा मोडते ती इथे. गावातल्या संघाचा मालक वेगळा असतो. मैदान, तिकिटे, बस आणि हॉट डॉग हे त्याच्याकडे. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार मात्र वरच्या क्लबकडे. कोण खेळणार, कोण किती चेंडू टाकणार, हे वरून ठरते. सामना रंगात आला असताना चांगला चाललेला पिचर ८० चेंडूंवर बाहेर काढतात, कारण त्या रात्री जिंकणे हे संघाचे पहिले काम नसतेच. शेवटच्या ओळीतला प्रेक्षक चिडतो. त्याचे चिडणे रास्तच, पण त्याचा काही उपयोग नाही.

प्रत्येक पायरीवर चाळणी वेगळी असते. सिंगल-एमध्ये नुसत्या वेगावर निभते. डबल-एमध्ये फलंदाज वेगवान चेंडूची वाट पाहत उभे राहतात, म्हणून पिचरला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा चेंडू लागतो, तोही स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे फलंदाजासमोरच्या वैध चौकटीत, पडणारा. बहुतेक कारकिर्दी या पायरीवर ठरतात. फलंदाजाची पहिली गोची त्याआधीच झालेली असते. अमेरिकन कॉलेजात धातूची किंवा कंपोझिट बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये फक्त लाकडी. धातूच्या बॅटवर मुठीजवळ लागलेला चेंडूही मैदानात जाऊन पडतो. लाकडी बॅट त्याच चेंडूवर दुभंगते. कॉलेजात धावांचा पाऊस पाडणारा मुलगा पहिल्या उन्हाळ्यात चाचपडताना दिसतो, त्याचे हे साधे कारण.

पैशांबद्दल. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्याआधी कॉम्प्लेक्स लीगच्या खेळाडूला वर्षाला ४,८०० डॉलर मिळत, ते १९,८०० झाले. सिंगल-ए २६,२००, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५० आणि ट्रिपल-ए ३५,८०० डॉलर. त्याच वर्षी मेजर लीगचे किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. म्हणजे तेव्हाच्या दराने सिंगल-एच्या खेळाडूला वर्षाला साडेएकवीस लाख रुपयांच्या आसपास, आणि मेजर लीगच्या बाकावर बसणाऱ्याला सहा कोटींच्या जवळ. ‘मेजर लीगचा करार’ असे छापले की वाचक दुसरा आकडा डोक्यात धरतो.

खरा दरवाजा म्हणजे क्लबची ४० जणांची यादी. मेजर लीगच्या मैदानावर उतरायचे तर आधी या यादीत नाव लागते. त्यातले २६ जण प्रत्यक्ष संघात असतात, सप्टेंबरमध्ये २८. यादीत आलेल्या खेळाडूला साधारणपणे तीन हंगामांत खाली पाठवण्याची मुभा क्लबला असते, तिला ‘ऑप्शन’ म्हणतात. एका हंगामात फार तर पाच वेळा. खाली गेलेल्या पिचरला किमान १५ दिवस आणि इतरांना १० दिवस वर बोलावता येत नाही, कोणी जखमी झाले तरच अपवाद. तिन्ही ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी त्याला बाकी २९ क्लबांसमोर ठेवावे लागते आणि कोणीही उचलू शकते. म्हणून मार्चअखेरीस, हंगाम सुरू होताना, ज्याचा ऑप्शन शिल्लक नाही तो संघात राहतो आणि त्याच्यापेक्षा सरस खेळलेला पोरगा खाली जातो. बातमीत याला ‘धक्कादायक वगळणूक’ म्हणतात. ती गुणवत्तेची नाही, हिशोबाची बाब असते.

यादीबाहेर कुजत पडणाऱ्यांसाठी ‘नियम ५’ची निवड आहे. ती दर डिसेंबरात होते. १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेल्याला पाच हंगामांनंतर आणि त्याहून मोठ्या वयाच्याला चार हंगामांनंतर क्लबने ४० मध्ये घेतले नाही, तर दुसरा क्लब १,००,००० डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. अट एकच: पुढचा पूर्ण हंगाम त्याला मेजर लीगच्या संघातच ठेवायचे, नाहीतर निम्म्या रकमेवर आधीच्या क्लबला परत देऊ करायचे.

आता वर पोचलेल्याची गोष्ट. कुमार रॉकरच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळताना २०१९ मध्ये त्याने ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउटसह एकही हिट न देता सामना जिंकला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी फेऱ्याफेऱ्यांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहावा घेतला, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार झालाच नाही. त्याच सप्टेंबरात खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२२ मध्ये तो ट्राय-सिटी या स्वतंत्र, म्हणजे कोणत्याही मेजर लीग क्लबशी न जोडलेल्या संघाकडून खेळला आणि मग टेक्सास रेंजर्सने त्याला तिसरा निवडून करारावेळी ५२ लाख डॉलरचा बोनस दिला. २०२३ मध्ये सिंगल-ए गाळून थेट हाय-ए हिकरी. तिथे सहा सामने झाले आणि मे महिन्यात कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया. २०२४ च्या जुलैत तो ॲरिझोनाच्या कॉम्प्लेक्स लीगमध्ये परतला, मग डबल-ए फ्रिस्को, मग ट्रिपल-ए राउंड रॉक, आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी सिॲटलमध्ये मेजर लीगचा पहिला सामना: चार डाव, सात स्ट्राइकआउट, एक धाव. देशात तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या पिचरला ड्राफ्टपासून दोन वर्षांहून अधिक लागली, तीही नशिबाने साथ दिली म्हणून. विसाव्या फेरीतल्याचा हिशोब यावरून करावा.

ड्राफ्टविषयीही गोंधळ असतो. तो फक्त अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोतल्या खेळाडूंसाठी आहे. २० फेऱ्या, जुलैमध्ये. नागपूर किंवा कोल्हापुरात राहणारा मुलगा त्यात बसतच नाही. तो आंतरराष्ट्रीय मुक्त खेळाडू ठरतो आणि त्याच्या करारांचा हंगाम १५ जानेवारीला सुरू होतो. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबातला, तिथल्याच शाळेत शिकणारा मुलगा मात्र ड्राफ्टमध्येच येतो. त्याने चार वर्षांच्या कॉलेजात नाव घातले, तर तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वय २१ होईपर्यंत त्याला निवडता येत नाही. शाळेनंतर लगेच करार की कॉलेज, हा निर्णय म्हणून जड असतो. बोनस घसघशीत नसेल तर आमचे मत कॉलेजच्या बाजूने आहे. मायनर लीगमधून मुक्त झालेल्याला पुन्हा कॉलेज बेसबॉल खेळता येत नाही.

शिवाय जागाच मोजक्या. अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये एका क्लबला २०२४ पासून हंगामात १६५ खेळाडूच ठेवता येतात, पूर्वी १८० होते. दर उन्हाळ्यात ड्राफ्टमधून नवे २० येणार, म्हणजे तेवढ्यांना तरी जावे लागणार. परदेशी खेळाडूचा पी-१ व्हिसा कराराला बांधलेला असतो. करार संपला की मुक्काम संपला.

आपल्याला विनंती एवढीच की अशा बातमीत चार गोष्टी छापाव्यात: करार कोणत्या पायरीसाठी आहे, खेळाडू ४० च्या यादीत आहे का, तो ड्राफ्टमधून आला की आंतरराष्ट्रीय करारातून, आणि बोनस किती. पालकांसाठी पाचवी ओळही जोडता येईल. मेजर लीगचा कोणताही क्लब चाचणी, करार किंवा व्हिसासाठी खेळाडूकडून पैसे घेत नाही. असे पैसे कोणी मागितले तर तिथे क्लब नाही. आणि खेळाडू सध्या कोणत्या पायरीवर आहे, कधी वर गेला, कधी मुक्त झाला, हे लीगच्या संकेतस्थळावरच्या रोजच्या नोंदींत असते. नाव टाकले की दोन मिनिटांत सापडते.

आपले,
शालेय बेसबॉल आणि सॉफ्टबॉलचे दोन प्रशिक्षक,
जळगाव