इंजिन हरलं म्हणून मार्क कापायचे?

संपादक साहेब, नमस्कार.

दिव्या देशमुखने २०२५ ला महिलांचा चेस वर्ल्डकप जिंकल्यापासून आमच्या घणसोलीच्या सोसायटीत चेसचं वारं जोरात आहे, पण हे पत्र चेस खेळण्याबद्दल नाहीये, चेस खेळणाऱ्या प्रोग्रामबद्दल आहे. माझी भाची नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, तिने प्रोजेक्टला स्वतःचं चेस इंजिन लिहिलं, जेमतेम चारशे ओळी. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक आले, मोबाईलवरच्या ॲपशी त्याचा एक डाव लावला, तीसेक चालींत मात झाली आणि मार्क कापले. तिच्याच बॅचच्या एकाने नेटवरचं तयार ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, इंजिन उचलून फक्त नाव आणि रंग बदलले होते, त्याचं जिंकलं, त्याला मार्क चांगले. कोड कोणाचाच उघडून बघितला नाही हो!

मी ऐरोलीला आयटीतच आहे म्हणून जरा जास्त लागलं.

पोरीने काय केलं होतं ते सांगतो. सबमिशनच्या आठवडाभर आधी रात्री फोन, मामा, हा एका प्याद्यासाठी वजीर द्यायचा बेत का करतोय बघ ना. व्हिडिओ कॉलवर दोघं बसलो. प्रोग्राम आपली-समोरच्याची धरून तीन चाली पुढचं बघून थांबायचा, आणि तिसरी चाल वजिराने प्यादं मारायची असली की त्याला वाटायचं वा, एक प्यादं कमावलं, पण ते प्यादं उंटाच्या जोरात होतं आणि चौथ्या चालीला वजीर जाणार हे बघायला तो थांबतच नव्हता. दहा मिनिटांत सापडलं, कारण सगळा कोड दोन-चार स्क्रोलमध्ये दिसतो. मग मारामारी चालू असेपर्यंत हिशोब थांबवायचा नाही अशा वीसेक ओळी तिने स्वतः टाकल्या. हाच घोळ मोठ्या इंजिनात असता तर आम्ही अजून शोधत बसलो असतो.

आता कोणी म्हणेल साधा कोड म्हणजे कच्चा कोड. असं नाहीये. सनफिश नावाचं पायथॉनमधलं इंजिन रिकाम्या ओळी आणि कमेंट सोडल्या तर सव्वाशेच्या आसपास ओळींचं आहे आणि तरी लिचेस या ऑनलाइन चेसच्या साइटवर २००० च्या वर रेटिंग काढतं, म्हणजे आपल्या कट्ट्यावरच्या बहुतेकांना हरवेल. २००५ चं फ्रूट नावाचं इंजिन घ्या, कोड खुला, वाचायला एकदम स्वच्छ, आणि त्याच वर्षी कॉम्प्युटर चेसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला दुसरं आलं. आणि सगळ्यात ताकदवान इंजिनांपैकी एक असलेलं स्टॉकफिश, तिथे तर नियमच आहे, कोडमधला एखादा भाग काढून टाका, हजारो डाव खेळवून बघा, ताकद कमी झाली नाही ना, मग तो भाग कायमचा गेला. म्हणजे ज्यांना फक्त जिंकायचंय ते पण झाडू मारतात.

अर्थात तिथेही गोम आहे. २०२३ मध्ये त्यांनी माणसाने लिहिलेलं पटाचं मूल्यमापन, म्हणजे कोण किती पुढे आहे हे ठरवणारा भाग, पूर्ण काढलं आणि ते काम न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे डावांवरून स्वतः शिकलेल्या प्रोग्रामवर, सोडलं, कोड कमी झाला खरा पण शहाणपण आता आकड्यांच्या एका फाईलमध्ये आहे जी वाचून कोणाला घंटा काही कळत नाही. त्यांचं ठीक आहे, त्यांना जगात पहिलं यायचंय. तिसऱ्या वर्षाच्या पोरीला कुठे यायचंय?

म्हणून कॉलेजांना एवढंच सांगणं आहे, डाव लावा खुशाल, पण आधी कोड उघडा, कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवून विचारा ही काढली तर काय होईल. ज्याने उचललाय तो तिथेच अडकेल.

भाची मार्कांचं विसरली पण. परवा तिला अजून एक बग मिळाला, शह असताना सुद्धा तिचा राजा बिनधास्त कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल, शह असताना चालत नाही) करत होता, एक्स्टर्नलच्या डावात ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

– एक मामा, घणसोली, नवी मुंबई