सहा वर्षांच्या पोराला कोडिंगचा क्लास कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हल्ली बाजारातून घरी येईपर्यंत हातात एक तरी पत्रक पडतं, ‘वय वर्षे पाचपासून कोडिंग’. मी फोंड्याचं सांगतेय, पण म्हापसा-मडगावला काही वेगळं असेल असं वाटत नाही. मीही त्यात गेले, खोटं कशाला बोलू. मुलगा दुसरीत असताना तीन महिन्यांची फी भरली, ऑनलाइन क्लास, शेवटी रंगीत सर्टिफिकेट आलं ते आजीने शोकेसमध्ये लावलं, आणि एक दिवस सहज विचारलं की बाबा रे, स्क्रीनवरचं हे मांजर कडेला आपटून परत कसं वळतं, तर म्हणाला, सरांनी सांगितला तो ब्लॉक ओढला. संपलं.

त्यानंतर क्लास बंद केला आणि चतुर्थीच्या सुट्टीत मीच त्याच्याबरोबर बसले. मी कॉमर्सवाली, कोडिंगचा क सुद्धा माहीत नव्हता. पण स्क्रॅचला, म्हणजे मुलांसाठीच्या कोडिंगच्या सॉफ्टवेअरला, तो लागतच नाही हो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या टीमने बनवलेलं, २००७ पासून सगळ्यांसाठी खुलं आणि आजही फुकट. टाइप करायचं नाही, रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे. एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की नेटही लागत नाही, आमच्याकडे पावसात नेटचं काय होतं ते सांगायला नको. हे आठ वर्षांच्या पुढचं. पाच ते सात वर्षांच्या पोरांना टॅबवर स्क्रॅच ज्युनिअर आहे, त्याच्या ठोकळ्यांवर चित्रंच असतात त्यामुळे वाचता येत नसलं तरी अडत नाही.

पहिल्या दिवशी ठरलं की मांजराने फुगडी घालायची. वळायच्या ठोकळ्यात आधीच १५ अंश लिहिलेलं असतं आणि ‘रिपीट’मध्ये, म्हणजे तेच किती वेळा करायचं त्या ठोकळ्यात, १०, तेच ठेवून सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला तर मांजर अर्ध्याच्या जरा अलीकडे तिरकं होऊन थांबलं. मला उत्तर येत होतं पण तोंड दाबून बसले (हे सगळ्यात कठीण काम, पालकांनी करून बघावं). त्याने १० चे २० वेळा केलं, मग ३० केलं, तेव्हा जास्त फिरलं, शेवटी वहीच्या मागच्या पानावर पंधरा पंधरा मांडत ३६० पर्यंत गेला आणि २४ सापडले. पाढे म्हण म्हटलं की पळणारा मुलगा हा.

मग मांजराला इकडून तिकडे चालवलं, तर कडेला आपटून परत येताना चक्क डोक्यावर! "आई, माजर उरफाटें जालें!" घरभर हसू. याला फक्त डावीकडे-उजवीकडेच तोंड फिरवायला सांगणारा एक वेगळा ठोकळा लागतो, तो शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, क्लासमध्ये हेच दोन मिनिटांत सांगून मोकळे झाले असते आणि तो विसरूनही गेला असता.

आपल्या गोव्यातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना २०२१ पासून आहेच. म्हणजे सहावीत ते शाळेतच येणार, मग पहिली-दुसरीच्या पोरांसाठी हजारो रुपये भरायची घाई कसली? मूल मागे पडेल या भीतीवर हा धंदा चालतो असं माझं स्पष्ट मत आहे. दोघं कामाला जाणाऱ्या आईवडिलांना वेळ नसतो हे मान्य, पण आठवड्यातून एक तास निघतो, आम्ही रविवारी जेवण झाल्यावर बसतो.

खरी अडचण लॅपटॉपची आहे, सगळ्यांकडे नसतो. म्हणून एक विनंती आहे, गावोगावच्या वाचनालयांनी आणि पंचायतींनी शनिवारी दोन तास एखादा जुना कॉम्प्युटर पोरांसाठी मोकळा ठेवावा. शिकवायला माणूस नसला तरी चालेल, पोरं एकमेकांचं बघून शिकतात. आणि आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावर आठवड्याला एक ठोकळ्यांचं कोडं छापलंत तर फार बरं होईल.

सध्या आमच्याकडे घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) अडलंय. आजोबांचं वाजवणं रेकॉर्ड करून घातलं, पण न थांबता तेच करत राहणाऱ्या ‘फॉरएव्हर’च्या आत ‘स्टार्ट साउंड’ टाकल्यामुळे पहिला ठोका पुरा व्हायच्या आत दुसरा सुरू होतो आणि नुसतीच घरघर ऐकू येते. आवाज संपेपर्यंत थांबणारा ठोकळा त्याच्या शेजारीच आहे, अजून त्याला दिसलेला नाही. मी सांगितलेलं नाही.

आपली,
एक पालक, फोंडा