आशाताईंनी आईचीही विचारपूस करावी

महोदय,

बाळाचं वजन घटलं की घरात धावपळ होते. आई आठवडाभर गप्प असली तर ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून विषय संपतो.

लहानपणी मारहाण, बापाची दारू, हेळसांड सोसलेल्या आईला बाळाचं रडणं असह्य होऊ शकतं. ती चिडते किंवा सुन्न होते. तान्ह्याला स्वतःहून शांत होणं फारसं जमत नसतं. ते आईच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून सावरतं. मात्र बालपणीच्या आघातांची बेरीज मांडून कुणा आईवर शिक्का मारू नये. अशा कितीतरी आया लेकरं उत्तम वाढवतात, विशेषतः पाठीशी भरवशाचं माणूस असेल तर.

दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. १४व्या दिवसापासून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला मदत करणाऱ्या एडिंबरा प्रश्नावलीतले १० प्रश्न विचारता येतील. ते मागच्या ७ दिवसांबद्दल असतात. सासूसमोर विचारू नयेत, उत्तर ‘बरं आहे’ असंच येणार!

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आईच्या मांडीवर सूप आणि बाळ झोळीत. पाजताना तरी सूप बाजूला ठेवावं, बाळाने हुंकार दिला की थांबून उत्तर द्यावं, घरच्या तेलुगूत का होईना. त्याने मान फिरवली तर त्याला विसावू द्यावं.

स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर आईला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक महापालिकेने लसीकरणाच्या कार्डावरच छापावा.

– बालविकास क्षेत्रातील कार्यकर्त्या, सोलापूर