खेळायचे कपडे वेगळे हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आपल्या दैनिकात दोन बातम्या हमखास येतात. एक, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्याची आणि दुसरी, सकाळच्या शाळांची वेळ पुढे ढकलण्याच्या मागणीची. या मागणीला माझा विरोध नाही, कारण रिक्षात दाटीवाटीने बसलेली, कुडकुडणारी मुले मीही रोज पाहते. परंतु वेळ पुढे गेली की पहिली कात्री खेळाच्या तासाला लागते आणि संध्याकाळी ‘गार वारा लागेल’ म्हणून मूल घरातच कोंडले जाते, याविषयी कोणी काही लिहीत नाही. बालवाडीत अनेक वर्षे शिकवल्यामुळे मला त्याविषयी लिहावेसे वाटते.

माझी भाची वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात कझानला राहते. तिच्या खिडकीखाली एका बालवाडीचे अंगण आहे आणि पारा उणे दहावर असतानाही त्या अंगणात मुलांचा कल्ला चालू असतो, हे तिच्याकडून ऐकल्यावर मला त्या शाळेच्या धाडसाचे कौतुक वाटले. पुढे समजले, की यात धाडस कसलेच नाही. सात वर्षांखालील मुलांनी रोज किमान तीन तास मोकळ्या हवेत काढावेत, हे तिथल्या सरकारी आरोग्य नियमांतच लिहिलेले आहे. तापमान उणे १५ अंशांच्या खाली गेले आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ७ मीटरहून अधिक झाला, तर हा वेळ कमी करतात. नाशिकच्या दहा अंशांना आपण कडाका म्हणतो, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे.

हे जमते ते कपड्यांमुळे, आणि माझ्या पत्राचा खरा विषय हाच आहे. तिथे मुलाचे बाहेर खेळायचे कपडे निराळे असतात. गळ्यापासून घोट्यापर्यंतचा, आत अस्तर भरलेला एकसंध पोशाख, कान झाकणारी टोपी, जाड मोजे आणि पायात उबदार बूट. खेडोपाडी अजूनही लोकर कुटून केलेले, शिवण नसलेले ‘वालेंकी’ बूट दिसतात. बर्फ वितळू लागला की त्यांच्यावर रबरी खोळ चढवतात. लहानांचे हातमोजे हरवू नयेत म्हणून एका लांब नाडीच्या दोन टोकांना शिवून ती नाडी कोटाच्या दोन्ही बाह्यांतून ओवलेली असते, ही युक्ती मला फारच आवडली. बालवाडीच्या दाराशी प्रत्येक मुलाचे छोटे कपाट असते आणि ज्याला अक्षरे येत नाहीत त्याला आपले कपाट ओळखता यावे म्हणून त्यावर चित्र चिकटवलेले असते. ओले झालेले कपडे वाळवण्यासाठी गरम हवेचे कपाट वेगळे. म्हणजे मूल भिजणार आणि मळणार, हे तिथे आधीच गृहीत धरलेले आहे.

खेळही तसेच अंग झोकून देण्याचे आहेत. हिवाळ्यात टेकडीवर पाणी ओतून बर्फाची घसरगुंडी करतात आणि मुले बुडाखाली प्लास्टिकची चकती घेऊन वरून खाली येतात. हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या मास्लेनित्सा सणात बर्फाचा किल्ला रचून तो सर करण्याची जुनी प्रथा आहे. उन्हाळ्यात ‘लाप्ता’ असतो. त्यात दांडूने चेंडू टोलवायचा आणि कोणी अंगावर चेंडू मारून बाद करण्याआधी पलीकडची रेषा गाठून परत यायचे. नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहराच्या उत्खननात या खेळाचे मध्ययुगीन दांडू आणि चामडी चेंडू सापडले आहेत. ‘गोरोद्की’त पाच लाकडी नळकांड्यांच्या ठरावीक १५ आकृत्या एकामागून एक रचतात आणि दुरून दांडका फेकून त्या चौकोनाबाहेर उडवतात. आपली लगोरी आणि विटी-दांडू ठाऊक असलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटणार नाही. ओझरच्या मिग लढाऊ विमानांच्या कारखान्यामुळे १९६४ पासून रशियाशी नाते असलेल्या या जिल्ह्याला तर मुळीच नाही.

रशियात सारे आलबेल आहे, असे नव्हे. इमारतींमधली खेळाची अंगणे तिथेही मोटारींनी व्यापली आहेत आणि मोबाइल तिथल्या मुलांच्या हातातही आहे. तरी कपडे मळतील म्हणून खेळू नकोस, असे मुलाला सांगावे लागत नाही. आपल्याकडे पांढरे कॅनव्हासचे बूट, इस्त्रीचा गणवेश आणि शाळेनंतर लगेच क्लास, अशा मुलाला मातीत बसायला सांगायचे तरी कसे? धुण्याचा भार बहुतेक घरांत आईवरच पडतो आणि पाणीकपातीच्या दिवसांत तो दुप्पट होतो, हेही मला मान्य आहे. आजी-आजोबांना सर्दीची धास्ती असते. पण सर्दी विषाणूंमुळे होते आणि दारे-खिडक्या लावून दाटीने बसलेल्या वर्गात ती अधिक पसरते, हे त्यांना डॉक्टरांनीच सांगितले तर बरे होईल.

यासाठी रशियातला महागडा पोशाख आणण्याची गरज नाही. जुनी पँट, विटलेला टी-शर्ट, थंडीत एक जाड स्वेटर आणि कानटोपी, एवढा जोड पिशवीत घालून प्रत्येक मुलाने शाळेत ठेवावा, तो आठवड्यातून एकदाच घरी न्यावा आणि त्यावरच्या डागांविषयी शिक्षकांनी किंवा पालकांनी मुलाला एक शब्दही बोलू नये, असा ठराव पालकसभेत सहज होऊ शकतो. महापालिकेने उद्यानांत खेळण्यांच्या शेजारी हातपाय धुण्यासाठी चालू नळ आणि वाळूचा एक हौद द्यावा. इंदिरानगर, गंगापूर रोड भागातल्या सोसायट्यांनी संध्याकाळी दोन तास तरी आवारातला एक कोपरा गाड्यांपासून मोकळा ठेवावा. थंडीत शाळेची वेळ बदलायचीच असेल, तर शिक्षण विभागाने त्याच परिपत्रकात खेळाचा तास कोणत्या वेळेला हलवला, हेही स्पष्ट लिहावे.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक