सीलिंगच्या आतले जोड कोण बघणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी अनगोळचा, वायरिंगची कामं करतो, शहापूर वडगावपासून खानापूरपर्यंत जाणं होतं. हल्ली नवं घर म्हटलं की पीओपीचं सीलिंग आणि त्यात गोल एलईडी लाइट आलेच, आणि एका लाइटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं वायर ओढत नेतात. लूप करायला मनाई नाही, पण जोड कुठं द्यायचा आणि अर्थिंग कुठवर न्यायची याचं काही ताळतंत्रच राहिलेलं नाही म्हणून लिहितोय.

मध्यंतरी शहापुरात एका घरी हॉलचे निम्मे लाइट लुकलुकत होते म्हणून बोलावलं. एक लाइट खाली ओढून बघितलं तर वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप, टेपचा गोंद सुटून चिकट झालेला, एका जोडाचं प्लास्टिक करपून तपकिरी, आणि हिरवी वायर पहिल्याच लाइटपाशी कापून मागं दुमडलेली. म्हणजे पुढं एकालाही अर्थिंग नाही आणि बॉडी सगळ्यांची अ‍ॅल्युमिनियमची! घरमालक म्हणतात, एमसीबी (बोर्डातलं आपोआप पडणारं बटण) आहे की. अहो पण ६ अँपिअरचा एमसीबी जादा करंट आला तरच पडतो, त्याला सैल जोड कसा कळणार? त्याच लाइनवर पुढं एक सॉकेट काढलेला आणि तिथं रोज १००० वॅटची इस्त्री लागायची, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. एमसीबी गप्प, आणि वर जोड भाजतोय.

आयएस ७३२ मध्ये, म्हणजे वायरिंगच्या भारतीय मानक कोडमध्ये, हे सगळं आहे. लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट आणि ८०० वॅट. जोड द्यायचा तर स्विचबोर्डात, जंक्शन बॉक्समध्ये नाहीतर लाइटच्या पॉइंटवरच, मधेच पाइपात नाही. स्विच फेजवरच, म्हणजे करंट येणाऱ्या वायरीवर, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, कधीच नाही. बटण बंद करूनही एलईडी रात्री मिणमिणत असेल तर टेस्टर लावून बघून घ्या, बऱ्याचदा स्विच न्यूट्रलवर असतो आणि लाइट बंद दिसला तरी होल्डरात करंट असतोच, बल्ब बदलायला हात घालणाऱ्याला ते कसं कळणार. गणपतीच्या मंडपात तर लोखंडी पाइप आणि आपल्याकडचा पाऊस, तिथं ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर लाइनच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमच्या पोरांचा दोष किती म्हणायचा? कोडचं पुस्तक इंग्रजीत, मराठीत कोण समजावून सांगत नाही, उस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकतात, उस्तादानं हिरवी वायर कापली की हा पण कापतो. आणि मालक टाइल्सचा रंग दहा वेळा बदलतो पण वायरमननं जंक्शन बॉक्सचे पैसे मागितले की लगेच घासाघीस.

तर विनंती अशी की गणपतीच्या आधी आपल्या पेपरात हे नियम मराठीत, चित्रं काढून छापा, आमच्यातले बरेचजण पेपर वाचतात. आणि घर बांधणाऱ्यांनी सीलिंगचे बोर्ड मारायच्या आधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, पुढं दुरुस्तीला येणारा कोणीही असो, त्याला सीलिंग फोडावं लागणार नाही.

आपला,
एक वायरमन, अनगोळ, बेळगाव