ते काळं पाखरू फुलपाखरू नाहीये

मा. संपादक,

सध्या आमच्या सांगोल्याकडे संध्याकाळी ट्यूबलाइटखाली छोटी काळपट पाखरं येतायत आणि ग्रुपवर फोटो फिरतोय की ही विषारी फुलपाखरं, हात लावू नका. अहो काही विषारी वगैरे नाही, तो साधा पतंग आहे, शास्त्रीय नाव स्पोलाडिया रिकर्वॅलिस, फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने 1775 मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय. मी दोन दिवस भिंतीवर टॉर्च मारून बघतोय, पंख पसरले तर जेमतेम 2 ते अडीच सेंमी, रंग चॉकलेटी-काळा, आणि पंखांवरून आडवा पांढराशुभ्र पट्टा, पुढच्या पंखाला टोकाकडे अजून एक आखूड पांढरा डाग. मिशा दोऱ्यासारख्या बारीक, फुलपाखराच्या टोकाला गाठ असते तशी नाही. याच्यासारखाच दिसणारा हायमेनिया पर्स्पेक्टॅलिस नावाचा दुसरा पतंग पण आहे, त्याचे पांढरे पट्टे बारीक असतात, म्हणून फोटो काढताना पंख पसरलेले हवेत, बाजूने काढलेला फोटो कीटक ओळखणाऱ्या अ‍ॅपला टाकला तर ते काहीही नाव सांगतं (मला तर चक्क मधमाशी म्हणालं!).

खरी काळजी पाखराची नाही, त्याच्या अळीची. पाऊस पडला की आमच्याकडे माळावर, बांधावर तांदुळजा उगवतो, त्यावर ती हिरवी अळी पानं जाळ्याने चिकटवून आत बसते आणि पानाची चाळणी करते. पालक, बीट, राजगिराही सोडत नाही. तेव्हा भाजी लावलेल्यांनी पानं उलटून बघा, आणि पेपरात फोटो छापाल तेव्हा खाली फुलपाखरू लिहू नका एवढीच विनंती.

- एक वाचक, सांगोला